काका, वर या

टेकडी वसाहत
९ जून

चि. खारूस,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र केव्हाच मिळालं, उत्तराला उशीर झाला त्याला शाळा जबाबदार. गणवेशांचा ढीग मशीनवर पडलाय आणि निळ्या चड्ड्या शिवून शिवून माझ्या डोळ्यांपुढे सगळं निळंच दिसतं. तुझे भाऊजी म्हणतात की त्यांनाही एक चड्डी शिवून शाळेत घालावं, म्हणजे निदान दिवसभर तरी माझी बोलणी खावी लागणार नाहीत. तब्येती ठीक आहेत. तुझ्या बायकोच्या कंबरदुखीचं काय झालं ते कळव. उंच धरणावर राहून तिनं पाण्याच्या बादल्या का वाहाव्यात, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता खरी बातमी. गोडबोल्याच्या घरून माणूस आलं! बाबांचा सख्खा भाऊ असला तरी मी त्याला काका म्हणायचं बाबा गेले त्याच दिवशी सोडलं, ते तुला ठाऊक आहे. त्याची सून, जिचा नवरा शहरात कामाला असतो, कपडे शिवायच्या निमित्ताने आली. मुलगी कडेवर, नुकती चालायला लागलेली, गोरीगोमटी. कापड मांडीवर ठेवून इकडचं तिकडचं बोलली आणि मग हळूच विचारलं की सोमवारी सकाळी धरणाचा भोंगा वाजतो तो चाचणीचा की खरा, हे आम्ही कसं ओळखायचं? सासऱ्यांनी विचारून यायला सांगितलंय, म्हणाली. तुमचे भाऊ धरणाच्या दारांवर कामाला आहेत, तुम्हाला आतली बातमी असते, असंही म्हणाली.

मी सुईत दोरा ओवत बसले, कारण दुसरं काही केलं असतं तर हात तिच्या गळ्याकडे गेला असता. तिचा बिचारीचा काय दोष! पण विचार कर खारू. ज्या माणसाने बाबांना सांगितलं होतं की दादा, पाणी यायला अजून एक वर्ष आहे, यंदा नुसती दारं खाली-वर करून बघणार आहेत, तोच माणूस आज मला विचारतो की पाणी खरं का खोटं! स्वतः मात्र सासुरवाडीला जातो म्हणून गाडीत दारं, खिडक्या, वासे भरून गेला आणि नव्या वसाहतीत पहिला उभा राहून नदीकाठचा काळ्या मातीचा प्लॉट घेऊन बसला. जो आधी येईल त्याला हवा तो प्लॉट, हे त्याला साहेबाकडून कळलं होतं. बाबांना कळलं ते अंगणात पाणी आल्यावर. आपल्याला उरला हा टेकडीचा खडक. त्याचे दगड वेचता वेचता बाबा गेले.

सुनेला मी सांगितलं की सोमवारचा भोंगा चाचणीचा, इतर वारी वाजला तर खरा. खरं तेच सांगितलं. पण तुला म्हणून सांगते, एक दिवस तो खरा वाजेल, ती पोर पुन्हा विचारायला येईल, आणि मी हसून सांगेन की चाचणीच आहे हो, बसा निवांत. बाबांचं उसनं मी असं फेडणार आहे. अकरा वर्षं मी त्या माणसाला पाण्यात पाहतेय, आता खरोखरच पाहीन.

बायकोला आशीर्वाद, तुला थोडे कमी. पत्र लवकर टाक.

तुझी,
ताई

—

धरण वसाहत, यंत्रशाळेमागे
१७ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. कंबर बरी आहे. बादल्यांचं म्हणशील तर सबंध शहराला पाणी पुरवणाऱ्या धरणाच्या वसाहतीत नळाला पाणी दिवसाआड येतं, आता बोल!

तुझ्या पत्राचा पहिला भाग वाचून हसलो, दुसरा वाचून जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर शहरात महागाई वाढली म्हणून सांगितलं. तिला खोटं पटलं नसावं.

ताई, तू रागावशील, पण तुला इथलं सांगायलाच हवं. आमच्या या धरणाला दोन सासवा आहेत. एक पूरवाली, ती म्हणते धरण रिकामं ठेवा, वरून लोंढा आला तर पोटात घ्यायला जागा पाहिजे. दुसरी पाणीवाली, ती म्हणते भरून ठेवा, उन्हाळ्यात लोक घागरी घेऊन माझ्या दारात येतात. यंदा पाणीवालीची सरशी झालीय. गेला उन्हाळा कडक गेला ना, म्हणून साहेबांनी धरण आधीपासूनच भरत आणलंय. ज्या दिवशी वरून जोराचा लोंढा येईल त्या दिवशी आम्हाला एक-दोन नाही, सगळी दारं उचलावी लागतील. मग नदीकाठी घोटाभर पाणी नसेल, छपराएवढं असेल. तू ज्याला सूड म्हणतेस त्यात ती सून आहे, ती लहान मुलगी आहे.

मला राग नाही असं समजू नकोस. प्रकल्पग्रस्त म्हणून ही नोकरी मिळाली, आणि ज्या पाण्याने घर गिळलं त्याच्याच दाराशी मी चाकरी करतो. रोज सकाळी भिंतीवरून चालताना उजवीकडे खाली आपलं गाव आहे हे मला कळतं. बाबा डोक्यावर बाज घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून आले, ते मी पण पाहिलंय. पण दार उचलायचं बटण माझ्या बोटाखाली असतं. त्या बोटाला घरचं भांडण शिकवलं तर मी उद्या कोणाला तोंड दाखवू?

मला वचन दे. भोंगा खरा असला तर खरा म्हणून सांगशील. माझी शपथ आहे. शिवाय आमच्याकडची जीप कर्णा लावून काठाकाठाने फिरते, तिच्या ड्रायव्हरला मी सांगून ठेवलंय की गोडबोल्याच्या दारात थांबून तोंडी सांगायचं, आणि माझं नाव घेऊन सांगायचं.

भाऊजींना नमस्कार. चड्डी शिवलीस तर मापाला मी येईन. तुझी माया कमी करू नकोस, वाढवली तर हरकत नाही.

तुझा,
खारू

—

टेकडी वसाहत
१ जुलै

चि. खारूस आशीर्वाद.

शपथ घालतोस? लहानपणी पेरू चोरलास की माझी शपथ घालायचास, तेव्हापासून तुझ्या शपथांना मी किंमत देत नाही. सरकारचा पगार खाऊन तू अगदी सरकारी भाषेत बोलायला लागलास. मी वचन देणार नाही.

पण तुझ्या ड्रायव्हरची गंमत ऐक. तो इथे येऊन चहा पिऊन गेला, आणि पोट धरून हसत होता. तू सांगितल्याप्रमाणे गोडबोल्याच्या दारात त्याने जीप थांबवली आणि तुझं नाव घेऊन सांगितलं की यंदा धरण भरलेलं आहे, भोंगा वाजला तर वार न बघता टेकडीवर जा. तर गोडबोल्या खुर्चीतून उठलासुद्धा नाही. म्हणाला की पुतण्याला सांग, मी काल जन्मलो नाही. आमचं बिऱ्हाड वर गेलं की हे इथे कुंपण घालणार! त्यात पूररेषेची नोटीस लागलीय ना, काठची घरं हलवणार म्हणून. त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय की एकदा घर सोडलं की प्लॉट गेला, आणि या सगळ्यामागे आपण दोघं आहोत.

मी हसले नाही. ड्रायव्हर गेल्यावर मशीन बंद करून बसून राहिले. त्याने ज्या रीतीने बाबांना फसवलं, जगात सगळे तसेच फसवतात असं त्याला वाटतं. स्वतः सख्ख्या भावाला खोटं सांगितलं, तर पुतण्या खरं कसा सांगेल? खारू, त्या माणसाला खरं सांगून काही उपयोग नाही. हे मला आजवर कसं सुचलं नाही!

तुझे भाऊजी विचारतात की मी मनातल्या मनात काय हसतेय. त्यांना सांगितलं की गणवेश संपले म्हणून.

तुझ्या बायकोसाठी दोन उशांचे अभ्रे पाठवतेय, ड्रायव्हरकडे दिलेत. तिला आवडले की नाही ते तिने लिहावं, तू नको. तू सगळ्यालाच छान म्हणतोस.

तुझी,
ताई

—

धरण
२४ जुलै

ती. ताईस सा. न.

घाईत लिहितोय, शाई फुटलीय, सांभाळून घे. अभ्रे छान आहेत (बायकोही हेच म्हणते). चार दिवस वरच्या खोऱ्यात पाऊस थांबलेला नाही. धरणाच्या पोटात आता मुठीएवढी जागा राहिलीय. पाणीवाली सासू तोंड लपवून बसलीय आणि साहेब दर तासाला विचारतात की येवा किती, म्हणजे वरून पाणी किती येतंय, जणू मी कमी सांगितला तर कमी होईल. दारं कधी उचलावी लागतील सांगता येत नाही. आज, उद्या, सोमवारी, कधीही.

म्हणून ऐक. सोमवारची चाचणी आम्ही बंद केलीय. यापुढे भोंगा वाजला तो खराच. हे सगळ्यांना सांग. त्यांनाही सांग. ताई, तुझ्या मनात जे काही शिजतंय ते खाली उतरव. मी पाया पडतो.

खारू

—

टेकडी वसाहत
४ ऑगस्ट

चि. खारूस,

ताईचे आशीर्वाद. आम्ही सगळे सुखरूप आहोत, पहिल्यांदा तेच वाच आणि श्वास सोड. तार मिळाली असेलच. आता सविस्तर.

सोमवारी सकाळी भोंगा वाजला. वाजतच राहिला. मागोमाग जीप आली आणि ड्रायव्हर माझ्या दारात ओरडून गेला की सगळी दारं उचलताहेत, दुपारपर्यंत पुलावरून पाणी जाईल. काठची माणसं वर यायला लागली. कोणी गाद्या, कोणी कोंबड्या, एक बाई तर भिंतीवरचं घड्याळ छातीशी धरून आली. शाळेच्या वर्गांमध्ये, आमच्या अंगणात, जिथे जागा मिळेल तिथे माणसं बसली. मी आणि भाऊजी चहाची पातेली उकळत होतो.

तेवढ्यात सून आली. मुलगी कडेवर, स्वतः चिंब. सासऱ्यांनी विचारायला पाठवलं होतं की खरा की चाचणीचा. मी तिच्या हाताला धरून आत घेतलं आणि सांगितलं की खरा आहे, तू आता खाली जायचं नाहीस. तिने मुलीला माझ्या मशीनखाली झोपवलं. मग म्हणाली की ते माझं ऐकणार नाहीत, तुम्ही सांगितलंत तर.

म्हणून मी छत्री घेऊन खाली गेले. पटत नाही ना? गेले. शेजारचा न्हावी सोबत होता, त्याची दुकानाची पेटी खाली राहिली होती. त्याला विचार.

तो ओसरीत खुर्चीवर बसला होता, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत प्लॉटचे कागद. मी फाटकाशी उभी राहिले आणि म्हटलं की काका, वर या. अगदी हसून म्हटलं. तुमच्यासाठी खोली झाडून ठेवलीय, काका. औषधं तेवढी घ्या, बाकी सगळं असू द्या. दार उघडंच ठेवा. घराची, प्लॉटची काळजी अजिबात करू नका, आम्ही आहोत ना! बाबा गेले, आता तुम्हीच आम्हाला बाबांच्या जागी.

खारू, त्याचा चेहरा बघायला हवा होतास. आधी पांढरा पडला, मग लाल झाला. मला म्हणाला की तुझ्या बापासारखा मी भोळा नाही, चालायला लाग. मी म्हटलं, जशी तुमची मर्जी, काका. आणि वर आले. न्हावी मागे राहून त्याच्याशी हुज्जत घालत होता, पण त्यालाही हाकलून दिलं.

पाणी दुपारी आलं. मातकट, जाड, वर झाडं तरंगताहेत. आमच्या अंगणातून सगळं दिसतं. सून खांबाला धरून उभी होती. पहिल्यांदा त्याचं कुंपण गेलं, मग ओसरी, मग ते दार, आपल्या गावच्या घराचं, जे तो गाडीत घालून पळाला होता. मी बघत होते. डोळे मिटले नाहीत. तो वसाहतीच्या पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बोट जाईपर्यंत तिथेच लटकून राहिला. जिवंत आहे. घराच्या जागी आता गोटे आहेत, आपल्या खडकासारखेच. काळी माती सगळी वाहून गेली.

मी त्याला खरं सांगितलं. तुझी शपथ पाळली. आता समाधान झालं ना?

तुझी,
ताई

—

धरण वसाहत
११ ऑगस्ट

ती. ताईस,

शि. सा. न. तुम्ही सगळे नीट आहात हे वाचून बायको रडली. मीही. मग तुझं पत्र मी पुन्हा वाचलं.

काका! तू त्याला काका म्हणालीस. ज्या माणसाचं नाव ऐकलं की तू ताटावरून उठायचीस, त्याला तू फाटकाशी उभी राहून बाबांच्या जागी बसवलंस, आणि प्लॉटची काळजी आम्ही करू म्हणालीस. ताई, मी तुझ्या हाताखाली वाढलोय. तू कधी गोड बोलतेस ते मला कळतं. तू त्याला खरं सांगितलंस, पण त्याने ते थुंकून टाकावं अशा चवीचं करून सांगितलंस. त्याने बाबांचा केसाने गळा कापला, आणि तू त्याच केसाने.

चौकशीला साहेब आले होते. काठच्या माणसांना सूचना मिळाली का, विचारलं. मी म्हटलं, माझी बहीण स्वतः भर पावसात त्या घरी गेली होती. सगळ्यांनी तुझं कौतुक केलं. मी मान खाली घालून उभा राहिलो, त्यांना वाटलं मी लाजलो.

तो शिडीवरून घसरला असता तर? धरणाची दारं मी उचलली आणि त्याचं दार तू लावलंस, असं झालं असतं. आयुष्यभर मला ते तुला विचारता आलं नसतं.

ऐकतोय की तो तुझ्याच घरी आहे. त्याला शाळेतल्या छावणीत जाऊ दे, सुनेच्या माहेरी जाऊ दे. मी त्याच्यासाठी सांगत नाही, तुझ्यासाठी सांगतोय. आता बस कर. हिशेब संपला असं समज. तुला नीट झोप लागते का, ते लिही.

तुझा,
खारू

—

टेकडी वसाहत
२८ ऑगस्ट

चि. खारूस,

अनेक आशीर्वाद. झोप लागते. पडल्या पडल्या लागते. तुझ्यापासून काय लपवू? तू ओळखलंस ते बरोबर आहे. फाटकाशी जाईपर्यंत मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं मी काय बोलणार ते. तोंड उघडलं आणि साखरच बाहेर आली. मला लाज वाटेल म्हणून वाट बघितली, आली नाही. बरंच वाटलं. बाबा कमरेएवढ्या पाण्यातून आले तेव्हाचा त्यांचा चेहरा अकरा वर्षं डोळ्यांपुढे होता, तो त्या दिवशी पहिल्यांदा हलला.

तो इथेच आहे. सुनेने विनवलं, आणि मी हो म्हटलं. मशीनची खोली त्याला दिलीय, मशीन ओसरीत आणलंय. तू म्हणतोस, बस कर. मी काय करतेय ते तरी ऐक. मी त्याला एक शब्द खोटं बोलत नाही आणि एक शब्द गोड बोलत नाही. चहा बिनसाखरेचा आहे, डॉक्टरांनी सांगितलंय, असं म्हणून कप ठेवते. तो कप माझ्यापुढे सरकवतो, आधी मी एक घोट घ्यायचा. गोळी जेवणानंतर घ्या म्हटलं की तो ती उशीखाली लपवतो आणि सुनेला खुणेने विचारतो की ही तीच का. बाहेर ऊन पडलंय म्हटलं तर खिडकीपर्यंत जाऊन बघून येतो. भात सगळ्यांच्या ताटात पडून लहान मुलीने दोन घास खाल्ले की मगच त्याचा हात हलतो. भाऊजींना त्याची दया येते. चोरून त्याच्या खोलीत जाऊन बसतात. तर परवा त्यांनाही त्याने विचारलं, तुम्हाला तिने पाठवलंय का?

काल वसाहतीत दवंडी आली. घर गेलेल्यांना नवे प्लॉट मिळणार, टेकडीच्या पलीकडे, चांगली जमीन. आज सकाळी दहाला, सभागृहात. जो आधी येईल त्याला हवा तो. मी लगेच त्याच्या खोलीत जाऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. वेळ, जागा, सगळं. तो उठला. मग काठी टेकत न्हाव्याकडे गेला. न्हाव्याने तेच सांगितलं. परत येऊन सुनेला म्हणाला की हिने न्हाव्याला पढवून ठेवलंय, आपण बाहेर पडलो की ही सामान रस्त्यावर टाकेल. सामान! एक पिशवी आणि काठी आहे त्याच्याकडे. सून त्याच्या पाया पडली. मग आज उजाडताच मुलीला घेऊन एकटीच गेली.

आता साडेनऊ होताहेत. तो धुतलेला सदरा घालून, भांग पाडून ओसरीत बसलाय. जावंसं त्याला वाटतंय. पाय नुसते हलताहेत. मी समोर मशीनवर आहे, आणि मधेच मान वर करून सांगते की अजून वेळ आहे, पंधरा मिनिटांत पोचाल, भाऊजी सायकलवरून सोडतील. तो हसतो आणि मान हलवतो.

खारू, मला काय सोडून द्यायला सांगतोस तू? मी त्याच्यावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. त्याला जेवू घालते, त्याचे कपडे धुते. आणि तो जिवंत असेपर्यंत रोज, सकाळ-संध्याकाळ, मी त्याला खरं सांगत राहणार आहे.

रागावला असशील तर रागाव, पण पत्र टाकायचं थांबवू नकोस. बायकोला आशीर्वाद.

तुझी,
ताई

ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात सून आली. तिचा पहिला नंबर लागला, विहिरीजवळचा प्लॉट मिळाला, तिच्या स्वतःच्या नावावर. पोरगी हसता हसता रडत होती. मी ओसरीत जाऊन त्याला सांगितलं. त्याला ते खरं वाटलं नाही. मी पुन्हा सांगितलं.